मे महिन्यासाठी राखलेले दहा अंश

आमच्या घराण्यात दर पिढीला एक तरी असा निघतो, ज्याला हातात आलेली वस्तू आहे तशी वापरवत नाही. माझे धाकटे काका घरातला रेडिओ उघडून बसायचे. दादाने कॉलेजात असताना लुनाचा कार्बोरेटर इतक्या वेळा उतरवला, की कोपऱ्यावरचा मेकॅनिक त्याला गमतीने ‘उस्ताद’ म्हणायला लागला. आता पाळी दादाच्या मुलाची, म्हणजे माझ्या भाच्याची. त्याच्या हाती लुना नाही, गेमिंग लॅपटॉप आहे.

हा लॅपटॉप नवा नाही. माझ्या पुण्याच्या भाचीने तो २०१९ साली घेतला होता. तिला नोकरी लागली, ऑफिसचा लॅपटॉप मिळाला आणि हा इंदूरला धाकट्या भावाकडे आला. आत इंटेलचा आय-सेव्हन ९७५०एच प्रोसेसर. सहा कोअर, मूळ वेग २.६ गिगाहर्ट्‌झ, आणि थोड्या वेळापुरता एका कोअरवर ४.५ पर्यंत जाणारा टर्बो. भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. दादाने त्याच दिवशी बजावून ठेवलं, “चार वर्षं यावरच काढायची. नवा हवा असेल तर तुझ्या पहिल्या पगारातून.” घरात एकाच वेळी दोन मुलांच्या फिया चालू आहेत, तेव्हा ही नुसती धमकी नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीवांनी जाहीर केलं, “आत्या, मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणार आहे.” कॉलेजच्या गेमिंग टीममध्ये त्याची निवड झाली होती, आणि ऐन मॅचमध्ये लॅपटॉप अडखळत होता. दादाचा पारा चढला. “हात लावायचा नाही. जळला तर प्रोजेक्ट कशावर करशील?” आईने, म्हणजे त्याच्या आजीने, शांतपणे विचारलं, “क्लॉक म्हणजे घड्याळच ना रे? ते पुढे करायचंय का तुला?”

सगळे हसले, पण आईचा प्रश्न अगदी बरोबर होता. प्रोसेसरमध्ये खरोखरच एक घड्याळ टिकटिकत असतं. २.६ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला २६० कोटी ठोके. प्रत्येक ठोक्याला आतले अब्जावधी ट्रान्झिस्टर आपापलं पाऊल टाकतात. हे ठोके कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जलद करणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

मी गेली बावीस वर्षं पीथमपूरला ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगमध्ये काम करते. गेमिंगमधलं मला काही कळत नाही, पण एखाद्या यंत्रावर भार वाढवला की काय होतं, ते रोज बघते. म्हणून दादाला म्हटलं, “तू नाही म्हणशील आणि तो रात्री दोन वाजता रजईत बसून करेल. त्यापेक्षा माझ्यासमोर करू दे.” भाच्याला एकच अट घातली. एक वही घ्यायची. एका वेळी एकच बदल, आणि बदलाच्या आधी व नंतर मोजमाप. वहीत लिहिल्याशिवाय पुढचं पाऊल नाही.

पहिल्या पानावर त्याने काय लिहावं, यावरून आमचा पहिला वाद झाला. तो लिहायला निघाला होता प्रोसेसरचं तापमान. मी म्हटलं, आधी खोलीचं लिही. “खोलीचं कशाला?” ते पुढे सांगते.

मुळात मुलांना हे वेड का लागतं, त्यालाही इतिहास आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला. तो ३०० मेगाहर्ट्‌झचा होता. मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला, की तोच प्रोसेसर ४५० वर पळायचा, कारण आतला गुणक ४.५ असा पक्का होता. दीडपट वेग, तोही फुकट! ते का जमायचं, हे आपल्याकडे आंबे विकत घेणाऱ्या कोणालाही समजेल. एकाच बागेतल्या आंब्यांची प्रतवारी होते आणि पेटीवर शिक्का बसतो. चिप्सचंही तसंच. एकाच तबकडीतून निघालेल्या चिप्स तपासून त्यांच्यावर वेगाचा शिक्का मारला जातो. कधी कधी बाजारात स्वस्त मालाला मागणी जास्त असते, तेव्हा चांगल्या फळावरही हलका शिक्का बसतो. जुने ओव्हरक्लॉकर असा दडलेला हापूस शोधायचे.

पण आता कंपन्या शहाण्या झाल्या आहेत. टर्बो म्हणजे कंपनीने स्वतःच करून दिलेलं ओव्हरक्लॉकिंग म्हणा ना. फळात जेवढा रस आहे, तेवढा बहुतेक त्यांनीच काढून दिलेला असतो. शिवाय लॅपटॉपच्या बहुतेक प्रोसेसरचा गुणक कुलूपबंद असतो. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी नुसतं ‘एच’ असेल, तर कमाल वेग वाढवता येत नाही. ‘एचके’ आणि बऱ्याचशा ‘एचएक्स’ प्रोसेसरना ही मुभा असते. भाच्याचा ९७५०एच. कुलूपबंद! हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा असा पडला, जणू सराफ्यात जाऊन गराडू संपल्याचं कळलं.

मी म्हटलं, “थांब. ४.५ च्या वर जाता येत नाही, हे ठीक. पण तुझा लॅपटॉप आत्ता किती वेगाने चालतोय, ते तरी बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. मग एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम टाकला. त्यात प्रत्येक कोअरचा वेग, तापमान आणि वॅट दिसतात. दुसरीकडे सिनेबेंचची दहा मिनिटांची चाचणी लावली. तिच्यात सगळे कोअर पूर्ण कामाला लागतात. वहीतली पहिली नोंद अशी: खोली २८ अंश. प्रोसेसर ९७ अंश. वीज ३८ वॅट. वेग २.९ गिगाहर्ट्‌झ.

या ओळीत सगळी गोष्ट आहे. सहाही कोअर एकदम चालवताना हा प्रोसेसर ४ गिगाहर्ट्‌झपर्यंत जाऊ शकतो, आणि कंपनीने त्याला दीर्घकाळासाठी ४५ वॅट मंजूर केले आहेत. इथे तो ३८ वॅटच घेत होता. का? कारण त्याची तापमानाची हद्द १०० अंश आहे. तिच्याजवळ पोचला की तो स्वतःच पाय मागे घेतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. ज्याला घोडा मंद वाटत होता, त्याचा घोडा मंद नव्हता. त्याला दम लागत होता. दमलेल्या घोड्याला चाबूक मारून तो किती पळणार?

ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यात आम्ही हेच शिकतो. भार वाढवणं सोपं आहे. उष्णता बाहेर काढणं, हे खरं काम. आणि चिपमधली उष्णता सरळ रेषेत वाढत नाही. ती ढोबळमानाने वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग, या हिशोबाने वाढते. वेग १० टक्के वाढवायचा आणि तो पेलण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१. म्हणजे उष्णता ३३ टक्के जास्त. दहाच्या बदल्यात तेहेतीस, असं व्याज तर सावकारही घेत नाही. डेस्कटॉपमध्ये मोठा पंखा, मोठा हीटसिंक किंवा पाण्याची व्यवस्था लावून हे व्याज भरता येतं. लॅपटॉपमध्ये बोटाएवढ्या जाडीत दोन पंखे आणि तीन-चार तांब्याच्या नळ्या. त्यातही त्याच नळ्यांवर बहुधा ग्राफिक्स चिपचीही उष्णता येते.

तर आमचं पहिलं ‘ओव्हरक्लॉकिंग’ झालं ते पेचकस आणि ब्रश घेऊन. लॅपटॉपची वॉरंटी २०२१ सालीच संपली होती, म्हणून उघडायला हरकत नव्हती. तुमची वॉरंटी चालू असेल, तर आधी अटी वाचा आणि साफसफाई सर्व्हिस सेंटरमधूनच करून घ्या. आम्ही चार्जर काढला, लॅपटॉप पूर्ण बंद केला, मागचं झाकण उघडून सर्वांत आधी बॅटरीची पिन सोडवली. स्क्रू हरवू नयेत म्हणून भाच्याने कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावला. हे त्याचं त्यालाच सुचलं. पंख्याच्या मागे धुळीची अशी नमद्यासारखी गादी जमली होती, की वारा जायला फटच नव्हती. कीबोर्डच्या बाजूने शेवेचे तुकडेही निघाले. पुण्याला असतानाही भाचीची इंदूरची शेव सुटली नव्हती, हे असं उघड झालं!

धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरतो आणि खराब होऊ शकतो. मग हीटसिंक उचलला. त्यावरचे स्क्रू कोणत्या क्रमाने सोडवायचे आणि आवळायचे, ते आकडे बहुतेक वेळा तिथेच कोरलेले असतात. जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून जेल रोडवरून आणलेली नवी पेस्ट लावली. चिपचा पूर्ण चकचकीत चौकोन झाकला जाईल इतकीच, पातळ. आजूबाजूचे मऊ थर्मल पॅड जसेच्या तसे ठेवले. ज्यांना हे धाडसाचं वाटेल, त्यांनी जाणकाराकडून करून घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही.

पुन्हा चाचणी. वहीतली दुसरी नोंद: खोली २८. प्रोसेसर ८०. वीज ४५ वॅट. वेग ३.१. तापमान १७ अंशांनी उतरलं, आणि तरी वेग वाढला. दादा मागे उभा राहून बघत होता. काही बोलला नाही, पण चहा त्याने केला.

दुसरं पाऊल उलट दिशेचं होतं. व्होल्टेज वाढवायचं नाही, कमी करायचं. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. कंपनी लाखो चिप्स विकते, त्यात सगळ्यात हलकी चिपही अडखळू नये म्हणून सगळ्यांनाच थोडं जास्त व्होल्टेज देऊन ठेवते. आपल्या एका चिपला तेवढं लागत नसेल, तर ते उष्णतेतच वाया जातं. वर्गाचा हिशोब इथे आपल्या बाजूने काम करतो. १ व्होल्टच्या जागी ०.९ दिलं, तर ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१. वेग तोच, आणि उष्णता १९ टक्के कमी. मग त्याच ४५ वॅटमध्ये प्रोसेसर आपणहून पुढे सरकतो.

थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोग्रॅममध्ये हे करता येतं. इंटेलचा स्वतःचा एक्सटीयू प्रोग्रॅमही आहे. मात्र सगळ्यांच्या लॅपटॉपवर ही सोय उघडी नसते. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि लुव्हेनच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची त्रुटी उघड केली. व्होल्टेज मुद्दाम कमी करून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चुका घडवता येतात, असं त्यांनी दाखवलं. त्यानंतर अनेक कंपन्यांनी बायोसच्या अपडेटमधून हा दरवाजा बंद केला. त्या हल्ल्यासाठी मशीनवर आधीच पूर्ण ताबा असावा लागतो, म्हणून घरच्या वापरात त्याची भीती थोडी. पण दरवाजा बंद असेल, तर तो फोडायला कुठून तरी मिळालेला बायोस टाकू नका. अर्धवट बायोस टाकून बसलेला लॅपटॉप सुरूच होत नाही, आणि मग दुकानाच्या चकरा सुरू होतात.

आमचा दरवाजा उघडा होता. भाच्याने कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं, की या प्रोसेसरला उणे १५० मिलिव्होल्ट चालतात. मी म्हटलं, त्याचा आंबा वेगळा, तुझा वेगळा. उणे ५० पासून सुरुवात कर, पंचवीस-पंचवीसने उतर. या पिढीत कोअर आणि कॅश या दोन्हींचं व्होल्टेज सारखंच उतरवावं लागतं. त्याआधी कॉलेजचं सगळं काम पेनड्राइव्हवर घेतलं. व्होल्टेज कमी केल्याने चिप जळत नाही, पण मशीन मध्येच बंद पडलं तर चालू फाइल बिघडू शकते. आणि सेटिंग सुरुवातीला कायमचं साठवायचं नाही. म्हणजे मशीन अडकलं तर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलं की सगळं पूर्ववत.

उणे ५०, ७५, १००. सगळं सुरळीत. उणे १२५ वर चाचणी पास झाली आणि भाचा आनंदाने नाचला. दोन दिवसांनी खेळता खेळता निळा पडदा आला. एका चाचणीत उत्तीर्ण होणं वेगळं आणि रोजच्या घालमेलीत टिकणं वेगळं. खेळात प्रोसेसरवरचा भार क्षणात चढतो, क्षणात उतरतो, आणि चिप अडखळते ती बहुधा त्या चढउतारात. आम्ही उणे १०० वर परत आलो आणि तिथेच राहिलो. आठवडाभर खेळ, कोडिंग, व्हिडिओ कॉल सगळं करून बघितलं, मगच सेटिंग पक्कं केलं.

वहीतली तिसरी नोंद: खोली २८. प्रोसेसर ८०. वीज ४५ वॅट. वेग ३.४. पहिल्या २.९ पासून साधारण १७ टक्के वाढ. कुलूपबंद प्रोसेसरला एक ठोकाही जास्त न मारता.

आणि इथे आमचा खरा वाद झाला.

भाचा म्हणाला, “आत्या, हद्द १००. आपण ८० वर आहोत. अजून वीस शिल्लक आहेत. मी वॅटची मर्यादा ४५ वरून ५४ करतो. तापमान ९० होईल. तरीही दहा अंश राहतातच ना?” त्याचं गणित बरोबर होतं, तेही सांगते. २८ अंशांच्या खोलीत ४५ वॅटला ८०, म्हणजे दर वॅटमागे साधारण १.१५ अंश. ५४ वॅटला नव्वदच्या आसपास येतं. इतकं त्याने स्वतः वहीत मांडलं, याचं मला कौतुक वाटलं.

मी त्याला वहीच्या पहिल्या पानावर नेलं. तिथे खोलीचं तापमान होतं. ट्रान्सफॉर्मर तपासताना आम्ही तो तासन् तास भारावर ठेवतो, आणि मोजतो ती ‘वाढ’. आजूबाजूच्या हवेपेक्षा तो किती अंश वर गेला, ती. कारण कारखान्यात तपासलेला ट्रान्सफॉर्मर उद्या खंडव्याच्या उन्हात उभा राहणार असतो. लॅपटॉपलाही हेच लागू. हवा दहा अंशांनी तापली, की आतली चिपही साधारण तेवढीच वर जाते. पंखा थंड वारा निर्माण करत नाही, असलेलाच वारा फिरवतो.

“तू हे दिवाळीत मोजतोयस,” मी म्हटलं, “आणि तुझी परीक्षा असते मेमध्ये. दुपारी या खोलीत ३८ असतं. तेव्हा ८० चे ९० होतील. ५४ वॅट घेतलेस तर ९० चे १००. तुला जे दहा अंश शिल्लक दिसतायत, ते तुझे नाहीत. ते मे महिन्याचे आहेत.”

तो गप्प बसला. पटलं म्हणून की रागाने, ते तेव्हा कळलं नाही. मर्यादा मात्र ४५ वरच ठेवली.

आमच्या धंद्यात आणखी एक ढोबळ नियम आहे: इन्सुलेशनचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. चिपचा हिशोब नेमका तसाच नसतो, पण दिशा तीच. उष्णता आणि जादा व्होल्टेज ही दोन्ही झीज वाढवतात, आणि झालेली झीज भरून येत नाही. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरचं प्रकरण गाजलं. चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं आणि कालांतराने त्या अस्थिर होत होत्या. कंपनीने ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण दुरुस्ती होती ती पुढची झीज रोखायला. आधीच बिघडलेली चिप तिने बरी होत नव्हती. कारखान्यातून आलेल्या व्होल्टेजने हे होऊ शकतं, तर आपण हाताने वाढवलेल्याने काय होईल? म्हणून मी भाच्याला एकच गोष्ट साफ मना केली: लॅपटॉपमध्ये व्होल्टेज वाढवायचं नाही.

ज्यांच्याकडे एचके किंवा मुभा असलेला एचएक्स प्रोसेसर आहे, त्यांना कमाल वेग खरंच वाढवता येतो. त्यांनीही क्रम हाच ठेवावा. आधी सफाई, मग व्होल्टेज उतरवणं, आणि मग एकेक पायरी, म्हणजे १०० मेगाहर्ट्‌झ, वर. प्रत्येक पायरीला चाचणी आणि दोन दिवस रोजचा वापर. पडदा निळा झाला, किंवा डब्ल्यूएचईए अशा अक्षरांची तक्रार दिसली, की एक नाही, दोन पायऱ्या खाली. एएमडीच्या काही ताकदवान लॅपटॉपमध्ये व्होल्टेज उतरवण्यासाठी ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ ही सोय बायोसमध्ये असते. तत्त्व तेच.

आणि हे सगळं करण्याआधी अडचण प्रोसेसरचीच आहे ना, ते बघा. खेळताना ग्राफिक्स चिपचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर दिसत असेल, तर प्रोसेसर कितीही पळवा, फ्रेम वाढणार नाहीत. भाच्याचा नेमबाजीचा खेळ हलका आहे, त्यात भार प्रोसेसरवर येतो. म्हणून फरक दिसला. दुसरा फरक पडला तो रॅममुळे. लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच पट्टी होती. तशीच दुसरी घातली, की दोन्ही वाटांनी माहिती जाऊ लागते. ओव्हरक्लॉकिंगच्या सगळ्या खटाटोपापेक्षा खेळात त्या एका पट्टीने जास्त गुळगुळीतपणा आला, हे भाच्यानेच कबूल केलं.

ज्यांच्याकडे व्होल्टेजचा दरवाजा बंद आहे, त्यांनीही निराश होऊ नये. पडदा १४४ हर्ट्‌झचा असेल तर खेळात फ्रेमची मर्यादा १४४ वर बांधा. जास्तीच्या फ्रेम पडद्यावर नीट दिसतच नाहीत, त्या फक्त खोली गरम करतात. अभ्यासाच्या वेळी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की टर्बो बंद होतो आणि पंख्याचा आवाज जातो. रात्रभर चार्जिंगला असतो, त्यांनी कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती वापरावी. सतत गरम आणि सतत पूर्ण भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, कधी फुगतेही. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खालून वारा घेणाऱ्या यंत्राला गादीवर ठेवणं म्हणजे त्याच्या नाकावर उशी दाबणं. आमच्याकडे आईने जेवणाचा जुना सागवानी पाट काढून दिला. त्यावर मागच्या बाजूने दोन लाकडी ठोकळे लावले. बाजारातला कूलिंग स्टँड घ्यायची वेळच आली नाही.

गोव्याकडच्या आणि किनाऱ्यावरच्या मंडळींनी आणखी एक जपावं. तिथे दमट, खारी हवा असते, त्यामुळे खिडकीशी लॅपटॉप ठेवून थंडावा शोधू नये. बेळगाव, हैदराबाद, बडोदा, ग्वाल्हेर, प्रत्येकाचा उन्हाळा निराळा. म्हणून तर दुसऱ्याच्या व्हिडिओतला आकडा आपल्या घरी चालत नाही. तो व्हिडिओ बनवणाऱ्याच्या खिडकीबाहेर कदाचित बर्फ पडत असतो.

मे आला. कूलर सुरू झाले, दुपारी सराफा काय, राजवाडाही सुनसान. कॉलेजच्या प्रोजेक्टची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली होती, आणि भाच्याला दुपारीच मोठा प्रोग्रॅम चालवायचा होता. मी कामावर होते. संध्याकाळी त्याने वहीचा फोटो पाठवला. खोली ३८.५. प्रोसेसर ९१. वीज ४५ वॅट. वेग ३.४. खाली एवढंच लिहिलं होतं, “आत्या, ५४ नको होते.”

त्या आठवड्यात त्याच्या वर्गातल्या दोघांचे लॅपटॉप दुकानात होते. त्यातला एक नुसता धुळीने गुदमरला होता. सुट्टीत भाच्याने तो उघडून साफ केला. आधी वही काढली, खोलीचं तापमान लिहिलं, मग पेचकस हातात घेतला. दादा शेजारी बसून स्क्रू चिकटवत होता. लुनाचा कार्बोरेटर किती वेळा उतरवला होता, हा किस्सा त्याने तेव्हा मुलाला पहिल्यांदा सांगितला.

घरातल्या मोठ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पोरांना ‘हात लावू नको’ म्हणू नका, शेजारी बसा. तुम्हाला गिगाहर्ट्‌झ कळले नाहीत तरी चालेल, तापलेलं आणि निवलेलं सगळ्यांनाच कळतं. आणि पोरांनो, होळीनंतरच्या पहिल्या रविवारी लॅपटॉपची धूळ काढा, चाचणी लावा आणि दोन आकडे लिहून ठेवा. त्यातला पहिला खोलीचा.